उगुर बेच्चगे

अथणी सोडली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं.
दादाच्या जुन्या गाडीत, मागच्या सीटवर
चपलांचे बारा जोड, अर्धं कलिंगड,
आणि त्याच्या गुडघ्याच्या तेलाची बाटली,
प्रत्येक वळणाला आडवी होणारी.
आमच्या खानापुराकडं कुंपणाच्या दगडालाही शेवाळ धरतं;
इथं दोन्ही अंगांना भेगाळलेली काळी जमीन,
बाभळी, आणि द्राक्षांच्या रिकाम्या तारा.
गावाचं नाव पाटीवर होतं.
मला ते वाचता येत नाही.

मगदुमांनी बोअर मारली ती द्राक्षांसाठी.
तमिळ गाडी तीन रात्री धडधडली,
साडेनऊशे फुटांवर पाणी आपणहून वर आलं,
पंप नाही, वीज नाही. लोकांनी नारळ फोडले.
सकाळी कळलं: पाणी ऊन आहे, खारट आहे,
वेलीला घातलं तर पान कडेनं करपतं.
मगदूम दोन महिने जेवणात मीठ घेत नव्हते म्हणे.
मग त्यांनी हौद बांधला.
माणशी दहा रुपये, साबण चालणार नाही,
आणि फाटकाला लाल बादली टांगलेली असली
की तो तास बायकांचा.

"जा की गे," दादा म्हणाला, "मी बसतो हितं."
आलो होतो त्याच्या गुडघ्यासाठी.

आत पायऱ्या पांढऱ्या खारानं खरखरीत,
पाण्याला गंजक्या खिळ्याचा वास.
चौघी गळ्यापर्यंत बुडालेल्या, लुगडी फुगून वर आलेली.
मी काठावर, एक पाय उचलून.
त्यांतल्या सत्यव्वानं हात वर काढला,
अंगठ्याचं नख दाखवलं: "उगुर बेच्चगे."
मला कळलं नाही.
तिनं माझंच बोट धरून बुडवलं, नखापुरतं.
नखाला सोसेल इतकं ऊन.
आम्ही याला कोमट म्हणतो.
कोमटमध्ये बोट नाही, नख नाही,
कुणी पाण्याजवळ गेल्याची खूणच नाही.

मी उतरले.
पन्नाशीनंतर पहिल्यांदा माझं वजन दुसऱ्या कुणी धरलं.
त्या हसल्या की मी हसत होते, अर्ध्या क्षणानं उशिरा.

बाबांनी दादाला कन्नड शाळेत घातलं,
त्याला नोकरी इथं लागायची होती.
मला मराठीत, मला द्यायची होती चंदगडला.
एकाच चिमणीपुढं दोन पाट्या:
त्याची अक्षरं गोल, जिलबीसारखी,
माझी डोक्यावर पदर घेतलेली.
चाळीस वर्षं मी त्या शाळेवर रुसून होते.

केस पिळत बाहेर आले आणि म्हटलं, "उगुर बेच्चगे."
दादा हसला, माझ्या च्च ला.
मग रस्त्याकडं बघत म्हणाला,
"पहिल्या आठवड्यात तहान लागायची.
पाणी कसं मागायचं म्हाईत न्हवतं.
रांजण समोरच होता."
"मग?"
"मग काय. घरी येऊन प्यायचो."

त्याला म्हटलं, पुरुषांची वेळ होईपर्यंत थांबू.
तो म्हणाला, उशीर होतोय.
मी गेले, फाटकाची लाल बादली काढली,
हौदातून वाहून जाणाऱ्या पाण्याखाली धरली
आणि गाडीच्या उघड्या दारापाशी आणून ठेवली.
पँट दुमडताना तो लाजला.
मी नख बुडवून पाहिलं.
"बस?"
"बस."

डोळे मिटून तो बसलेला, मी गुडघ्यावर ओंजळीनं पाणी घालतेय,
तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली,
दोघं टॉवेल खांद्यावर टाकून, शीळ घालत
मोकळ्या फाटकातून सरळ आत.

आतून जो कल्लोळ उठला!
सत्यव्वाचा आवाज सगळ्यांच्या वर,
दोघं एकेक चप्पल मागं टाकून पळत सुटलेले.
बादलीत पाय ठेवून दादा इतका हसला
की अर्धं पाणी माझ्या अंगावर.

"काय म्हणतीय रे ती?"

"न्हाई गे," डोळे पुसत तो म्हणाला,
"ते मराठीत हुत न्हाई."